गळ आपण टाकू नये
मालवण असो वा गुहागर, पोराच्या मोबाईलवर कुणी अनोळखी फोटो मागतोय असं दिसलं की घरच्यांना वाटतं, पोराच्या नावाने बोलून त्याला जेटीवर बोलवावं आणि धरावं. तसं करू नका. ‘पाठवू का?’ हे आपणच आधी लिहिलं, की त्याचा वकील तेवढंच धरून बसतो: गुन्ह्याला तुम्हीच उद्युक्त केलंत. पोलिसी सापळ्यालाही हीच मर्यादा हवी. ऑस्ट्रेलियात पोलिसांनी २०१६-१७ मध्ये मुलांचे अश्लील फोटो फिरवणारी एक साइट, गुन्हेगार पकडायला, सुमारे ११ महिने स्वतः चालवली. गुन्हेगार सापडले, पण मुलांचे फोटो तोवर फिरतच राहिले. हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

चॅट पुसू नका. प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम (दिसणारं नाव नव्हे, ते कधीही बदलता येतं) तारीख-वेळेसह स्क्रीनशॉटमध्ये घ्या, मगच ब्लॉक करा. नग्न फोटोंचा मात्र स्क्रीनशॉट नको, फॉरवर्डही नको, ओळखीच्या हवालदारालासुद्धा. पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात) तो तुमच्यावरच शेकू शकतो. फोन पोलिसांना आहे तसा द्या, जप्ती पंचनाम्यात आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिलाय ना, ते बघा.

तक्रार १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ वर. पैसे गेले असतील तर १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो. तो आग्रह धरा.