मागून ‘खट्’ आवाज येतोय? हाऊसिंग उघडायच्या आधी हे तपासा

क्लच सोडला की मागून खट्, ॲक्सिलरेटर सोडला की परत खट्, आणि रिव्हर्स टाकला की असा दणका की मागच्या सीटवरून आई विचारते, काय पडलं रे. आमच्या जुन्या सात सीटरला हे सुरू झालं ते पसरणी घाट उतरताना पहिल्यांदा लक्षात आलं, कारण घाटात ॲक्सिलरेटरवरचा पाय सारखा वर-खाली होतो. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकं न घालताच सांगून टाकलं, हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) गेलंय, क्राऊन-पिनियन (त्याच्या आतले दोन मुख्य गिअर) बदलावं लागेल. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. शेवटी निघालं काय, तर जॉइंटचा, म्हणजे मागे जाणाऱ्या लांब शाफ्टचा, मागचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा), त्याच्या चार टोकांवरच्या वाट्यांपैकी एक कोरडी पडून आतल्या बेअरिंगच्या सुयांची लाल पूड झाली होती. क्रॉसचा खर्च आणि क्राऊन-पिनियनचा खर्च यांची तुलनाच होत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट नक्की करा, तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते का? बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा, ओम्नी, ईको या गाड्यांना गिअरबॉक्सपासून मागच्या हाऊसिंगपर्यंत लांब शाफ्ट जातो, ज्याला आपण सरळ ‘जॉइंट’ म्हणतो. स्विफ्ट, वॅगनआरला किंवा नव्या इनोव्हा हायक्रॉसला तो नसतो, इंजिन पुढचीच चाकं ओढतं, त्यामुळे तिथे मागून आवाज आला तर शॉकअप, बुश (सांध्यांतली रबरं), ब्रेक बघायचे, पुढचं यातलं बरंचसं तुमच्यासाठी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याला एक पान्हासुद्धा लागत नाही. आवाज कधी येतो ते पकडा. मोकळं सपाट मैदान किंवा रिकामा रस्ता बघा, काचा खाली करा, कुणाला तरी शेवटच्या सीटवर बसवा (ड्रायव्हरच्या जागेवरून आवाज नेमका कुठला ते कळत नाही, चेसिसमधून तो इकडून तिकडे फिरतो, शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा आवाज अगदी मागच्या चाकातून आल्यासारखा वाटतो). दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा. प्रत्येक वेळी खट् आलं तर जॉइंट ते चाक या साखळीत कुठेतरी प्ले (ढिलेपणा) आहे. मग त्याच जागी खड्ड्याखड्ड्यांतून न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळू द्या, फक्त सपाटीवर, उतारावर हा प्रयोग अजिबात करू नका. न्यूट्रलमध्येही खडखड येतच राहिली तर दोष बहुतेक पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये), शॅकलच्या (पाट्या चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) बुशमध्ये किंवा शॉकअपमध्ये आहे, हाऊसिंगला हात लावायची गरज नाही. तिसरं, थोडं पुढे जाऊन ब्रेक, थोडं मागे येऊन ब्रेक. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदा टक् होऊन नंतर शांत होत असेल तर ड्रममधले ब्रेक शू जागेवर सरकतायत, ड्रम काढून साफसफाई आणि स्प्रिंगा बघायच्या, एवढंच.

आणि हो, त्याच्याही आधी चाकाचे नट. हसण्यावारी नेऊ नका. पंक्चर काढून चाक लावताना नट अर्धवट राहिला की नेमका असाच आवाज येतो आणि तो सगळ्यात धोकादायक असतो. स्टेपनी, जॅक, सायलेन्सरची रबरं हेही दोन मिनिटात हाताने हलवून बघून घ्या.

आता गाडीखाली जायचं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागचं एक चाक जॅकवर उचललं की गाडी गिअरमध्ये आहे म्हणून थांबून राहील असं समजू नका, डिफरन्शियलमुळे (हाऊसिंगमधले गिअर, जे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतात) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल गडगडतं. त्यात तपासणीसाठी हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे, आणि जॅकवर कधीच विसंबायचं नाही, खाली स्टँड पाहिजेच. बोलेरोसारखी उंच गाडी असेल तर बऱ्याच गोष्टी चाक न उचलता, सपाट जमिनीवर गाडी उभी ठेवून चारही चाकांना ठोकळे लावून बघता येतात, मी तसंच करतो. चावी काढून खिशात. इंजिन चालू ठेवून कुणीही खाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट फिरवा, नजर मागच्या क्रॉसवर ठेवा. शाफ्ट हलतो पण हाऊसिंगच्या तोंडावरची फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) हलत नाही, म्हणजे क्रॉस गेला. चांगल्या क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल इतका प्ले नसतोच, जरासाही दिसला तर बदला. टॉमी (लोखंडी दांडा) घालून वर-खालीही दाबून बघा. वाटीच्या कडेला गंजाची लाल-तपकिरी पूड दिसली तर अजून काही तपासायला नको, आतलं ग्रीस संपून सुया घासल्यात, आमच्या गाडीला ही पूड फ्लँजच्या बाजूच्या वाटीभोवती कुंकवाच्या रेघेसारखी बसली होती. अशा क्रॉसचा दणका सुरू व्हायच्या आधी बरेच दिवस हळू वेगात चिक् चिक् चिक् असा चिमणीसारखा आवाज येतो, वेग वाढला की तो भरभर होतो, तेव्हाच ग्रीस मारलं असतं तर कदाचित वाचला असता. कोकणात ओढ्यातून, पाणी भरलेल्या रस्त्यातून गाड्या जातात, त्यांनी पावसाळ्यानंतर ग्रीस मारणं चुकवूच नये. ग्रीसगन लावल्यावर चारही वाट्यांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे, एकीतून आलं नाही तर तीच कोरडी आहे. काही क्रॉसना निपलच (ग्रीस भरायचं तोंड) नसतो, ते सीलबंद, गेले की बदलायचे.

शाफ्ट आणि फ्लँज एकत्र हलतायत पण चाक जागेवर आहे, तर प्ले हाऊसिंगच्या आत, नाहीतर एक्सलच्या दातांत. पण थांबा, थोडा प्ले असणं बरोबरच असतं. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली असते, त्यात आतल्या छोट्या गिअरची फट मिळून फ्लँज हाताने थोडी फिरतेच, जुन्या गाडीत अजून जास्त. फ्लँजवर आणि हाऊसिंगवर खडूने रेघ मारून किती फिरते ते लिहून ठेवा, दोनतीन महिन्यांनी परत बघा. वाढत नसेल तर उघडू नका. मात्र फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलली तर पिनियनचा नट ढिला किंवा बेअरिंग गेलंय, तेव्हा गाडी फिरवत बसू नका. तसंच ॲक्सिलरेटर दिल्यावर घुंईं आणि सोडल्यावर आवाज बदलतो तर क्राऊन-पिनियनवर संशय घ्या, आणि वळणावर घरघर कमी-जास्त होते तर आधी चाकाचं बेअरिंग बघा.

एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे शाफ्टचा सरकणारा भाग, दातेरी स्लीव्ह. मागचा एक्सल वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त होते, ते या स्लीव्हमुळे जमतं. ती कोरडी पडली की गाडी थांबल्यावर किंवा सुटताना एकच भरीव ठक्, बाकी सगळं ठणठणीत. शाफ्ट काढून साफ करून ग्रीस लावलं की बऱ्याचदा काम होतं. पण काढायच्या आधी दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर पंचने किंवा पेंटने खूण करा, नाहीतर एखादा दात चुकून बसला तर दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि साठच्या पुढे गाडी थरथरायला लागते, मग माणूस टायर बॅलन्सिंग करत बसतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर हाताने दाबून बघा, फाटलं असेल तर गाडी उठताना शाफ्ट खाली आदळतो. गिअरबॉक्सचं माउंटिंग पण त्याच वेळी.

पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे) आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट नीट बघा. बोल्टाच्या बाजूला घासून चकाकणारा पट्टा दिसला किंवा गंजाची ताजी रेघ दिसली तर एक्सल सरकतोय. मागून गाडी बघितली की तिरकी चालल्यासारखी दिसते ती यामुळेच. कॉइलच्या गाडीत त्याच जागी मागचे आडवे-उभे रॉड आणि त्यांचे बुश, टॉमीने रेटून बघायचे.

क्रॉस बदलताना वाटी ठोकून बसवायची वेळ आली तर आतली एक जरी सुई आडवी पडली तरी वाटी पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप (वाटी अडकवून ठेवणारी कडी) जात नाही, तेव्हा जोर लावायचा नाही, वाटी काढून सुया ग्रीसने चिकटवून परत. बसल्यावर क्रॉसचा सांधा हाताने चारही बाजूंना मोकळा वळला पाहिजे. सर्क्लिप बसत नाही म्हणून वेल्डिंगचा टाका मारतात ते करू देऊ नका, पुढच्या वेळी काटाच कापावा लागतो.

हाऊसिंगचं तेल बदलायचं असेल तर आधी वरचं, तेल भरायचं बूच सुटतंय का ते बघा, मगच खालचं उघडा. बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. खालच्या बुचाच्या चुंबकावर काळसर चिखलासारखी बारीक पूड असली तर काळजी नाही, बोटात टोचेल असा तुकडा निघाला तर त्या दिवशी गाडी तिथेच ठेवा. आणि एक्सलवरची ब्रीदरची (आतली हवा बाहेर जायच्या वाटेची) छोटी टोपी चिखलाने बुजलेली असेल तर ती साफ करा, नाहीतर दाब वाढून सील तेल सोडतं, तेल कमी होतं, आणि मग हाऊसिंगचा आवाज खरंच सुरू होतो.