पीबीएसला देणगी दिली, तरी पासपोर्ट उघडत नाही? या चुका टाळा

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत फ्रीमाँटला आले होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे केन बर्न्स आणि लिन नोविक या माहितीपटकारांची व्हिएतनाम युद्धावरची मालिका त्यांना दाखवायची असं मी आधीच ठरवलं होतं. २०१७ ची मालिका, दहा भाग, अठरा तास. टीव्हीवर पीबीएसचं, म्हणजे अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीचं ॲप लावलं, तर भागांवर निळ्या होकायंत्राचा शिक्का. म्हणजे हे फक्त देणगीदारांसाठी, पीबीएस पासपोर्टवर. मी तिथल्या तिथे फोनवरून ६० डॉलर भरले. पण पहिला भाग सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी रात्री. मधल्या वेळात मी ज्या चुका केल्या, त्या इथल्या ओळखीच्या घरांमध्येही होताना पाहिल्या आहेत.

मुळात पासपोर्ट ही मासिकाची वर्गणी नाही, गणपतीची वर्गणी आहे. पीबीएस हे एकच चॅनेल नसून देशभरातल्या तीनशेहून अधिक स्थानिक स्टेशनांचं जाळं आहे. आपण पैसे देतो ते आपल्या भागातल्या स्टेशनला, बहुतेक ठिकाणी महिन्याला किमान ५ किंवा वर्षाला ६० डॉलर. त्याचा प्रसाद म्हणून स्टेशन आपल्याला मालिकांचं कपाट उघडून देतं. देणगीची नोंद स्टेशनच्या वहीत असते आणि बघायचं खातं पीबीएसकडे. ही दोन टोकं आपणच जोडायची असतात आणि नेमकं तिथेच अडतं.

दोन कोडांची गल्लत

देणगी दिल्यावर स्टेशनकडून एक ईमेल येतो. त्यात चार साधे इंग्रजी शब्द असतात, मध्ये छोट्या आडव्या रेघा. हा झाला मेंबरशिपचा कोड. टीव्हीवर ॲप उघडून साइन इन म्हटलं की पडद्यावर अक्षर-आकड्यांचा एक वेगळाच छोटा कोड येतो. तो फक्त हा टीव्ही कोणाच्या खात्याला जोडायचा एवढंच सांगतो. त्याच्या चौकोनात मी ते चार शब्द टाकत बसलो होतो. आधी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चार शब्दांनी मेंबरशिप सुरू करा आणि मगच टीव्हीकडे वळा. हा क्रम पाळलात तर निम्मा त्रास वाचतो.

ईमेल आलाच नसेल तर आधी स्पॅम आणि प्रमोशन्स पाहा. तिथेही नसेल, तर पीबीएसच्या साइटवर पासपोर्टसाठी लुकअपची, म्हणजे आपली मेंबरशिप शोधायची सोय आहे. देणगी देताना जो ईमेल दिला होता तोच तिथे टाका. चेकने देणगी दिली असेल तर नोंद व्हायला वेळ लागतो, थोडं थांबा. ऑफिसच्या मॅचिंग गिफ्टमधून (आपल्या देणगीला कंपनी जोड देते ती योजना) किंवा पगारातून पैसे गेले असतील, तर तुमचा ईमेल स्टेशनपर्यंत पोचलाच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी स्टेशनच्या मेंबरशिप विभागाला सरळ फोन करा. माझा अनुभव असा की तिथे माणूस उचलतो आणि मनापासून मदत करतो.

कोणत्या दाराने आत गेलात?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. साइन इन करताना गुगल, ॲपल किंवा पीबीएसचा स्वतःचा पासवर्ड असे पर्याय दिसतात. फोनवर गुगलने मेंबरशिप सुरू केली आणि टीव्हीवर ॲपलने आत गेलात, तर पीबीएसच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं होऊ शकता. ॲपलमध्ये ईमेल लपवायचा पर्याय घेतला असेल तर हे हमखास होतं. मग वरच्या कोपऱ्यात नाव दिसतं, साइन इन झालेलं असतं आणि तरीही भाग काही उघडत नाही. लोक वैतागून पुन्हा देणगी देतात. ते करू नका. साइन आउट करा आणि मेंबरशिप ज्या पद्धतीने सुरू केली होती त्याच पद्धतीने परत आत या.

नवरा-बायकोचंही असंच होतं. देणगी तिच्या नावावर, टीव्हीवरचं लॉगिन ह्याचं. कोड एकाच खात्याला लागतो, तेव्हा घरात कोणाचं खातं वापरायचं ते सुरुवातीलाच ठरवा आणि सगळ्या टीव्ही-टॅबवर तेच ठेवा.

आपल्याकडच्या आयटीवाल्यांची नोकरीपायी राज्यं बदलतात. घर हललं की ॲप नव्या गावचं स्टेशन धरतं, देणगी मात्र जुन्याच स्टेशनकडे जात असते. भाग उघडत नसतील तर निवडलेलं स्टेशन कोणतं आहे ते आधी तपासा.

प्राइम व्हिडिओवर पीबीएस मास्टरपीस नावाचं चॅनेल वेगळे पैसे भरून मिळतं. त्याचा पासपोर्टशी संबंध नाही, तिथे पैसे भरून इथलं कुलूप उघडत नाही. आणि केवळ मुलांच्या कार्यक्रमांसाठी पासपोर्ट घ्यायचा विचार असेल, तर त्याची गरज नाही. पीबीएस किड्सचं ॲप सगळ्यांना फुकट आहे.

पैसे थांबणं आणि थांबवणं

दरमहा देणगी देणाऱ्यांचं कार्ड बदललं की देणगी अडकते आणि काही दिवसांनी पासपोर्टही बंद होतो. लोकांना वाटतं ॲप बिघडलं. नवीन कार्डाचा नंबर स्टेशनला कळवा. उलट बाजूने, टीव्हीवरून ॲप काढून टाकलं म्हणून देणगी थांबत नाही, तीही स्टेशनलाच सांगून थांबवावी लागते. पण निव्वळ लॉगिनच्या वैतागापायी ती थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला. छोट्या गावांतल्या स्टेशनांना आता आपल्यासारख्यांच्या पाच-पाच डॉलरचाच आधार आहे.

शेवटची गोष्ट पाहुण्या आई-बाबांसाठी. पासपोर्ट अमेरिकेबाहेर चालत नाही, कारण प्रसारणाचे हक्क तेवढेच असतात. पुण्यात किंवा साताऱ्यात तुमच्या लॉगिनने काही उघडणार नाही. आपण कुठून बघतोय ते लपवणाऱ्या व्हीपीएनमुळे इथे घरबसल्यासुद्धा अडू शकतं, तेव्हा ऑफिसच्या लॅपटॉपवर बघत असाल तर व्हीपीएन आधी बंद करा. बाबांचे शेवटचे दोन भाग राहिले होते. विमानाच्या आदल्या रात्री बॅगा भरून दाराशी ठेवल्या आणि दीड वाजेपर्यंत जागून आम्ही ते संपवले.