नाकाबंदीवर फुंकायला सांगितलं तर

माझा धंदा केळीच्या गाड्यांचा. रावेर-सावद्याकडे माल भरून गाड्या रात्रीच निघतात, आणि रात्री निघणाऱ्या गाडीला नाकाबंदी चुकत नाही. मी स्वतः दारूला शिवत नाही. तरी पंधरा वर्षांत ड्रायव्हर लोकांपायी इतक्या रात्री पोलीस स्टेशनच्या बाकावर आणि सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्यात की आता नात्यागोत्यातले लोक वकिलाआधी मला फोन लावतात. "भाऊ, माले धरी लिधं, आते काय करू?" पलीकडून गाड्यांचा आवाज, मागून शिट्टी. अशा वेळी फोनवर जे सांगतो तेच इथं नीट लिहितोय. पिऊन चालवणाऱ्याला सुटायची युक्ती यात नाही. ती शोधत असाल तर इथंच थांबा.

आधी आकडा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड, किंवा दोन्ही. "मग किती पेग चालतात?" हा प्रश्न मला विचारू नका. पोट, वजन, जेवण सगळं वेगळं, त्याला उत्तर नाही.

लोक फसतात ते रात्री नाही, सकाळी. रक्तातली दारू ताशी साधारण १५ मिलिग्रॅमनेच उतरते. हळदीच्या रात्री १ वाजता १५० वर थांबलेला गडी सकाळी ८ वाजता ४५ वर असतो. अंघोळ झालेली, चहा झालेला, कपाळाला गंध, आणि वऱ्हाडाची क्रूझर याच्याच हातात. लिंबू, कांदा, काळी कॉफी, तोंडात नाणं यातलं काहीही मशीनला फसवत नाही, कारण मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातली हवा मोजतं.

गाडी थांबवताना काच खाली, आतला दिवा सुरू, इंजिन बंद. कागद डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात, गॅलरीतला फोटो चालत नाही. एवढं पुरे.

आता मशीन. इथंच बहुतेकांचं बिघडतं. माझंही बिघडलं होतं.

२०२२ चा डिसेंबर, कडाक्याची थंडी, मला आठवडाभराचा खोकला. धाब्यावर शेवभाजी खाऊन उठलो, गाडीत बसताना होमिओपॅथीचे थेंब जिभेखाली घेतले आणि दहा मिनिटांत नाकाबंदीवर पोचलो. फुंकलं, आकडा आला ३८. थेंबच न पिणाऱ्या माणसाला ३८! डोकं सटकलं. साहेब म्हणाले, "परत फुंका." मी म्हणालो, "एकदा फुंकलं, आता नाही, तो माझा हक्क आहे." कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं वाचलं होतं. पोलीस स्टेशनात पुन्हा संधी दिली, नाही म्हणालो. दवाखान्यात रक्त द्यायची वेळ आली तेव्हा तर भाषणच ठोकलं की जो पीत नाही त्याचं रक्त कशाला. कागदावर दोन शब्द चढले: "चाचणीस नकार". होमिओपॅथीची औषधं अल्कोहोलमध्येच बनतात, आणि तोंडात राहिलेलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. म्हणजे मी गप्प बसून तासाभराने पुन्हा फुंकलं असतं तरी आकडा शून्यावर आला असता. शेवटी कोर्टात गुन्हा कबूल करून १०,००० भरले आणि ३ महिने लायसन्सशिवाय राहिलो. तेव्हापासून "नकार द्या, हक्क आहे" म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

असा हक्क नाही. कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस किंवा अधिकार असलेला आरटीओचा अधिकारी, दारूचा रास्त संशय असेल तर, श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार दिलात आणि संशय कायम असेल तर वॉरंटशिवाय अटक होते, आणि कलम २०५ प्रमाणे तो नकार तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरता येतो. गाल फुगवून हळूच हवा सोडणं, मध्येच श्वास तोडणं, हेही नकारातच जमा होतं. "माझ्यावर संशय कशावरून?" हा वाद कायद्याला धरून आहे, पण त्याची जागा कोर्ट. रात्री बारा वाजता धुळ्याच्या बायपासवर तो जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मग मागायचं काय? चार गोष्टी, आवाज न चढवता. नळी नवी, पाकीट तुमच्या समोर फोडलेली. फुंकण्याआधी मशीनवर शून्य दाखवा म्हणायचं, कारण आधीच्या माणसाची हवा आत राहिलेली असू शकते. खोकल्याचं औषध, थेंब, माउथवॉश यातलं काही घेतलं असेल तर फुंकण्याआधीच सांगायचं, पाण्याने चूळ भरायची आणि पंधरा मिनिटं थांबू द्या म्हणून विनंती करायची. औषधाची बाटली खिशात असेल तर दाखवा. चौथी गोष्ट म्हणजे छापील पट्टी. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा नंबर, आकडा असतो आणि तुमची सही घेतात. सही करा, पण सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा: "औषध घेतले आहे, दुसरी चाचणी मागितली", आणि वेळ टाका. हवालदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. त्या एका ओळीने माझ्या एका ड्रायव्हरचं काम झालंय. तोंडी सांगितलेलं सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

फुंकताना एक खोल श्वास, ओठ नळीवर घट्ट, बीप थांबेपर्यंत एकसारखं. संपलं.

आकडा ३० च्या वर गेला तर अटक होऊ शकते. इथून पुढं घड्याळ महत्त्वाचं. कलम २०२ सांगतं की १८५ खाली अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून २ तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. केस त्याने संपत नाही, हे नीट लक्षात घ्या; लोक अर्धंच ऐकतात आणि दोन तास टाळाटाळ करत बसतात. पण अटकेची वेळ कागदावर कोणती पडली हे बघायचंच. मी सगळ्या ड्रायव्हरांना एक सवय लावली आहे: गाडी थांबवली की घरच्या नंबरवर एक ओळ टाकायची, "पारोळ्याच्या अलीकडे थांबवलं". वेळ आपोआप पडते. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्या एका माणसाला कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे फोन मागायला लाजू नका. गुन्हा जामीनपात्र आहे. बाई असेल तर सूर्यास्तानंतर अटकेला फार कडक अटी आहेत, आणि डॉक्टर पुरुष असेल तर रक्त दुसऱ्या बाईच्या उपस्थितीतच काढावं लागतं.

दवाखान्यात मात्र डोळे उघडे ठेवा. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, रात्रीचा दीड, ड्यूटीवर एक डॉक्टर आणि एक सिस्टर, बाहेर साप चावलेला पेशंट. सिस्टर सवयीने कापसाचा बोळा स्पिरिटच्या बाटलीत बुडवते आणि तुमच्या कोपराच्या खोबणीत फिरवते. तिथंच थांबवा! "सिस्टर, स्पिरिट नको, पाण्याने पुसा." दारूच्या तपासणीसाठी काढायचं रक्त, आणि कातडीला अल्कोहोल लावायचं, याला काय म्हणायचं? महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली १९५९ सालचे नियमच आहेत: त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, किमान ५ सीसी रक्त, बाटलीत गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रव्य, वर लेबल आणि सील. सील तुमच्यासमोर लागतंय ना, लेबलवर नाव तुमचंच आहे ना, एवढं बघून मगच उठा. एकदा माझ्या ड्रायव्हरच्या बाटलीला शेजारच्या खाटेवरच्याचं लेबल लागता लागता राहिलं. मुद्दाम कुणी करत नाही, झोप झालेली नसते.

रक्त द्यायला नाही म्हणू नका. नकार विरोधात जातो ते वर सांगितलंच. शिवाय अटकेतल्या माणसाची तपासणी पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर गरजेपुरता जोर लावूनही करू शकतो. मीटर चुकलं असेल तर तुमचं रक्तच तुमचा साक्षीदार आहे.

"साहेब, इथंच मिटवा" हे तर बोलूच नका. १८५ चा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही, कलम २०० च्या यादीत तो नाही. त्यामुळे रस्त्यावर हातात मागितलेली रक्कम दंड नसतेच. मागणी झाली तर लाचलुचपत विभागाचा १०६४ आहे.

गाडीचं म्हणाल तर केळीचा माल कुणासाठी थांबत नाही, म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर मी कायम तयार ठेवतो. सोबत न प्यायलेला, लायसन्सवाला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्या अशी विनंती करा. २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने असंच करायला सांगितलं होतं. निर्णय दुसऱ्या राज्याचा आहे, म्हणून विनंती म्हणालो, हुज्जत नाही. लायसन्स घेतलं तर पावती घ्याच. पण कलम २०६ प्रमाणे १८५ च्या गुन्ह्यात लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही.

नवापूरमार्गे सुरतेकडे जाणाऱ्यांनी तर वेगळंच ध्यानात ठेवावं. हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू. तिथं ३० चा हिशेब बाजूला राहतो, सीटखाली विसरलेली अर्धी बाटलीसुद्धा गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. नवापूरच्या अलीकडेच केबिन झाडून घ्या.

कोर्टात तारखेला जा, न गेल्यास वॉरंट निघतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० लावा. लढायचं की कबूल करायचं हे छापील पट्टी आणि रक्ताचा अहवाल पाहून ठरवा, चहाच्या टपरीवर विचारून नाही.

आणि ती पट्टी. ती बसच्या तिकिटासारख्या उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. माझ्या एका पोराने ती डॅशबोर्डवर ठेवली होती, जळगावचं मे महिन्याचं ऊन, ४५ च्या पुढे. कोर्टात वकिलाने मागितली तेव्हा हातात नुसता पिवळट कागद, अक्षर एक नाही. त्याच रात्री, दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली, दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि घरी पाठवून ठेवा.