दख्खनच्या बसाल्टवर पीएचडी करताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आयसीपी-एमएसला (दगडातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला) नंबर कधी लागेल?’ दगड अजून डोंगरात, हातोडा अजून दुकानात, आणि घाई यंत्राची! प्रबंधाची वाट लागते ती बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोचण्याआधीच.

फोनवरच्या उंचीवर विश्वास

सह्याद्रीत लाव्हाचे, म्हणजे थिजून बसाल्ट झालेले, प्रवाह जवळपास आडवे, एकावर एक बसलेले आहेत. पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर ही फॉर्मेशन (प्रवाहांचे गट) मुख्यतः रसायनावरून ठरतात. नुसत्या नजरेला सगळा काळा दगडच. त्यामुळे नमुन्याची उंची चुकली की पुढचं सगळं चुकलं.

उपग्रहावरून मिळणारी उंची डब्ल्यूजीएस-84 या गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साधारण साठ-सत्तर मीटर खाली आहे. जे ॲप ही दुरुस्ती करत नाही, ते कोकणातल्या पुळणीवर उभं राहिलं तरी उणे साठच्या आसपास आकडा दाखवतं. हातात धरायचं जीपीएस यंत्र बहुधा दुरुस्ती करूनच उंची देतं. खरी गंमत दोन्ही मिसळल्यावर होते.

घाटाचा खालचा अर्धा भाग विभागाच्या जीपीएसवर मोजला जातो. पुढच्या खेपेला ते यंत्र दुसऱ्या गटाकडे असतं, म्हणून वरचा अर्धा फोनवर. मग एक्सेलमध्ये उंचीनुसार सॉर्ट! वरचे प्रवाह पासष्ट मीटर घसरून खालच्यांत मिसळतात. आंबेनळी, पोलादपूर, पुन्हा आंबेनळी. फॉर्मेशन ओळखायला वापरतात तो बेरियम वरखाली नाचतोय. त्यावर ‘दोन मॅग्मा आळीपाळीने बाहेर आले’ अशी झकास उपपत्ती तयार होते, पोस्टरही छापून येतं. मग कोणीतरी फील्डची डायरी मागतं. तीत पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘नमुना 14, तेराच्या वर. मध्ये तांबडा बोल (दोन प्रवाहांमधला लाल मातीसारखा थर), दोन वीत जाड.’ तक्त्यात मात्र तेरा 640 मीटरवर आणि चौदा 592 वर. चार महिने पाण्यात.

उपाय साधा आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फील्डला जाता-येता तिथे फोन ताडून पाहा. हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर असेल तर दर दोन तासांनी ओळखीच्या उंचीवर जुळवून घ्या, कारण दाब एक मिलिबारने बदलला की साडेआठ मीटरचा फरक पडतो. आणि डायरीत आधी ‘कोणाच्या वर, कोणाच्या खाली’ लिहा, आकडा नंतर.

सहज फुटतो म्हणून पोकळ्यांचा दगड

प्रवाहाचा माथा पोकळ्यांनी भरलेला असतो. दोन घावांत तुकडा हातात येतो, म्हणून घाईतली मंडळी तोच उचलतात. त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट अशी नंतर भरलेली खनिजं बसलेली असतात. संग्राहकांना ती फार आवडतात. तुमच्या कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियमची मात्र त्यात वासलात. प्रवाहाच्या पोटातला घट्ट दगड घ्या, घामाची तयारी ठेवा. तपकिरी साल जागेवरच उडवून दीड किलो ताजा ऐवज पिशवीत गेला पाहिजे.

लॅबमध्ये दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे करून भिंगाखाली पसरा आणि पांढरा ठिपका दिसेल तो प्रत्येक तुकडा चिमट्याने बाजूला काढा. एका नमुन्याला दोन तास लागतात, लागू द्यात. ‘सौम्य आम्लात बुडव, काम उरकेल’ असं सांगणारा सीनिअर प्रत्येक लॅबमध्ये असतो. आम्लाने कॅल्साइट जातं खरं, पण दगडातल्या ऑलिव्हिन या खनिजाला आणि लाव्हा झटकन थिजून झालेल्या काचेलाही धक्का लागतो.

भुकटी कशात केली?

टंगस्टन कार्बाइडचं भांडं झटपट दळतं आणि सोबत टंगस्टन, कोबाल्ट, थोडं टॅन्टलमही देतं. नायोबियम-टॅन्टलमचं गुणोत्तर वापरणार असाल तर अगेट दगडाचं भांडंच. दोन नमुन्यांच्या मध्ये आधी क्वार्ट्‌झ वाळू फिरवा, मग पुढच्याच नमुन्याची चिमूट फिरवून फेकून द्या.

बाकीच्या, भराभर

मार्लेश्वरचे नमुने म्हणून इंग्रजी आद्याक्षरांत ‘मार-5’ लिहिलंत की एक्सेल त्याची 5 मार्च करतो; रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा.

950 अंशांवर तापवल्यावर वजन घटण्याऐवजी वाढलं तर तराजूला शिव्या देऊ नका. बसाल्टमधल्या लोहाने ऑक्सिजन घेतलाय.

सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापात प्लॅजिओक्लेज हे खनिज पिवळं दिसतंय? काप 30 मायक्रॉनपेक्षा जाड आहे, अजून घासा.

कंपास कड्याला टेकवून दिशा घेऊ नका, बसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. माथ्यावर वीज पडलेली असेल तर विचारायलाच नको.

भुकटी विरघळवायच्या हायड्रोफ्लोरिक आम्लाला एकट्याने हात लावायचा नाही. काचेची भांडी चालत नाहीत, टेफ्लॉनच लागतं. बाटली उघडण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची (हे आम्ल अंगावर सांडल्यास लावायच्या औषधाची) नळी कुठल्या खणात आहे ते पाहा आणि तिच्यावरची मुदत वाचा.