मधुमेहावरच्या आदिवासी वनौषधींचं संशोधन : या चुका टाळा

पहिली चूक प्रयोगशाळेच्या बाहेरच होते. समाजातल्या जाणकार म्हाताऱ्यांना ‘मधुमेहावर काय देता?’ असं थेट विचारलं, की हाती फारसं लागत नाही. अनेक आदिवासी समाजांत हा आजार गेल्या काही दशकांत फोफावला. जुन्या उपचारांत त्याला वेगळं स्थान नव्हतं. कॅनडातल्या जेम्स बे भागात क्री या आदिवासी समाजासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी म्हणून लक्षणं विचारली : सारखी तहान, वारंवार लघवी, लवकर न भरणारी जखम, अंधुक दिसणं. त्यातून पुढे आलेल्या तिथल्या घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीने चेतापेशींना जादा साखरेच्या माऱ्यापासून वाचवल्याचं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. नुसती साखर मोजत बसलं तर असे गुण निसटतात.

‘उंदराची साखर उतरली, म्हणजे औषध सापडलं’ ही चूक मला सर्वांत घातक वाटते. जमैकात खाल्लं जाणारं अ‍ॅकी फळ कच्चं असताना त्यातल्या हायपोग्लायसिन या विषानेही साखर उतरते. पण ते शरीराची चरबी जाळण्याची यंत्रणाच अडवतं आणि जमैकात त्याने माणसं दगावली आहेत. उंदीर कोणता, हेही बघा. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेला उंदीर टाइप १ मधुमेहाच्या जवळचा असतो. त्याच्यावरून टाइप २ बद्दल, म्हणजे इन्सुलिन असूनही ते नीट लागू न पडणाऱ्या मधुमेहाबद्दल, दावा करू नका.

साखर उतरते आहे आणि वजनही घटतंय? मग आधी खाद्य मोजा. कडू अर्क पोटात गेल्यावर उंदीर कमी खातो, साखर आपोआप खाली येते. दुसऱ्या गटाला अर्काविना तेवढंच कमी खाद्य द्या. तिथेही साखर तितकीच उतरली, तर श्रेय उपासाचं.

साखर हललीच नाही, तरी वही मिटू नका. जमैकात मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेत. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो गुण तपासला. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्यातूनच विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं.

निकाल दर खेपेला बदलत असेल, तर झाडाची साल कुठल्या ऋतूत काढली, कशी वाळवली, हे ताडून पाहा. लोक साल पाण्यात उकळत असतील, तर मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क हे वेगळंच द्रव्य झालं. वनस्पतीचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवलाच पाहिजे. नाहीतर नेमकी कोणती जात तपासली, हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही.

माणसांवर चाचणी करताना चालू गोळ्या परस्पर बंद करायला लावू नका. गोळी आणि काढा मिळून साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती वारंवार तपासा.

आणि त्या समाजाची परवानगी आधी घ्या, नमुने गोळा करून झाल्यावर नव्हे. जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या २०१० च्या नागोया या आंतरराष्ट्रीय कराराने संमती आणि लाभातला वाटा या दोन्ही गोष्टी मांडल्या आहेत. कोणती माहिती छापायची, कोणती समाजातच राहू द्यायची, पेटंट झालं तर वाटा किती, हे त्यांच्या भाषेत लिहून घ्या, आणि मसुदा छापायला जाण्याआधी त्यांना वाचून दाखवा.