नव्या फ्लॅटचं इंटिरियर झालं, पण घर काही वाटेना? या चुका टाळा

रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या आधीच सगळं उरकून टाकलं होतं. टीव्ही युनिट, पीओपी, एल आकाराचा सोफा, एका भिंतीला राखाडी टेक्श्चर. आत्या आली, दारात चपला काढल्या आणि हातात पिशवी धरून हॉलच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "छान केलंयस रे. पिशवी कुठे ठेवू?" मी इकडेतिकडे बघायला लागलो. टीपॉयवर शोपीस, सोफ्यावर रचलेल्या उशा, दाराशी चपलांचं बंद कपाट. दीड लाखाच्या फर्निचरमध्ये एका पिशवीला जागा नव्हती.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्यातलं निम्मं काढलं किंवा हलवलं. त्यातून समजलेल्या चुका या.

राहायला जायच्या आधी घर ‘पूर्ण’ करणं

सगळ्यात महाग चूक हीच. भाडं आणि हप्ता एकदम सुरू असतात, म्हणून घाई होते, ते मान्य. पण रिकाम्या फ्लॅटमध्ये उभं राहून आपण कुठे बसणार हे सांगता येत नाही. आमचा सोफा टीव्हीसमोर आहे. सकाळचा चहा मात्र चौघंही स्वयंपाकघराच्या ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसून पितो, कारण ऊन तिथे येतं. हे आधी कळलं असतं, तर तिथे एक बाकडं केलं असतं आणि सोफा लहान घेतला असता.

आधी फक्त तीन कामं करा: किचन ट्रॉली, एक कपाट आणि विजेचे पॉइंट. पॉइंट मात्र नक्की आधीच, कारण नंतर भिंत फोडली की आठवडाभर धूळ. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, जेवणाच्या टेबलाजवळ आणि हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात एकेक जादा पॉइंट ठेवा. बाकी तीन-चार महिने गादी, जुना दिवाण, प्लास्टिकच्या खुर्च्या चालतात. पाहुणे काय म्हणतील? काही म्हणत नाहीत, गादीवर तर जास्त वेळ बसतात.

सोफा घ्यायच्या आधी त्याच्या मापाचा चौकोन फरशीवर मास्किंग टेपने आखा आणि दोन दिवस तसाच ठेवा. बाल्कनीकडे जाताना घरचे सारखे त्या चौकोनात पाय टाकत असतील, तर सोफा मोठा आहे.

दवाखान्यासारखा उजेड

घर परकं वाटण्याचं अर्धं कारण छतात असतं. बहुतेक जण सगळीकडे ६५०० केल्विनचे पांढरे दिवे लावतात. त्या उजेडात लाकूड राखाडी दिसतं आणि माणसं आजारी. हॉल आणि बेडरूममध्ये २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावा. खोक्यावर वॉर्म व्हाइट असं लिहिलेलं असतं. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा उजेड राहू दे, भाजी नीट निवडता आली पाहिजे. या सगळ्या यादीतली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती, एका बल्बला शंभर-दीडशे रुपये.

सगळा उजेड वरूनच पडू देऊ नका. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला एखादा दिवा हवा. आणि पीओपीचा मोह आवरा. स्लॅब जेमतेम साडेनऊ फुटांवर असतो, त्यातले सहा इंच गेले आणि पंखा आणखी खाली आला की खोली डोक्यावर बसते.

खिळ्याची भीती, नाहीतर फोटो आढ्याला

नव्या भिंतीला भोक पाडायला जीव होत नाही आणि फोटो वर्षभर पलंगाखाली पडून राहतात. आधी भिंत कसली आहे ते बघा. मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतीत भिंत सबंध काँक्रीटची असते. तिथे साधा खिळा वाकतो, हॅमर ड्रिलच लागतं. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत उलटं: हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक फाटतं. त्यात साधा प्लगही सैल पडतो. एएसीसाठीचा लांब नायलॉन प्लग मागा.

उंचीची चूक तर आपली पिढीजात. वाड्यात आजोबा-पणजोबांचे फोटो छताजवळ, पुढे कललेले, हार घातलेले असायचे. तो मान झाला. पण सहलीचा फोटो तिथे लावला, तर तो कुणी बघत नाही. फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली धरा. सोफ्याच्या वर लावत असाल, तर पाठीपासून सहा-आठ इंचांवर. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. पावसाळ्यात फोटो काचेला चिकटला की सोडवताना चेहराच निघून येतो.

विकतचा ‘मराठमोळा कोपरा’

याच्यावर माझा जरा राग आहे. ऑनलाइन मागवलेलं वारली प्रिंट, पॉलिश केलेला नवा बंब, खणाच्या उशा, असा सगळा संच एकाच दिवशी येतो आणि कोपरा लग्नाच्या हॉलमधल्या सेल्फी पॉइंटसारखा दिसतो. वारली चित्र मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवासिनी लिहितात, त्यात पालघाट देवी असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र हवंच असेल, तर डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराकडून एकच घ्या आणि त्यात काय चाललंय ते त्यालाच विचारा.

आणि गंमत बघा, हा संच येतो त्याच आठवड्यात गावाकडची पितळेची भांडी मोडीत जातात. आमच्याकडे आजीचा फिरकीचा तांब्या असाच पोत्यात गेला होता. आईने शेवटच्या क्षणी काढून घेतला. गळ्याशी सुईने ठिपके ठोकून नाव घातलंय: ‘सौ. इंदूस, आईकडून, १९६८’. ‘आईकडून’मधली अक्षरं एकमेकांत गेलीत, नाव घालणाऱ्याला जागा पुरली नसावी. बुडाला एक पोचा आहे, तो एसटीतून पडल्याचा, असं आजी सांगायची. तो मी शोकेसमध्ये ठेवला नाही. दाराशी असतो, त्यात किल्ल्या. महिन्यातून एकदा चिंचेने घासला की पुरतो. (कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ मात्र ठेवू नका.)

जुनी इरकल कापून पडदे करणार असाल, तर मागे जाड अस्तर लावा. पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. त्यापेक्षा गोधडी शिवून घ्या.

किरकोळ, पण रोज नडणाऱ्या

तुळस हॉलमध्ये जगत नाही, तिला काही तास थेट ऊन लागतं. आत ठेवायला स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट. ती झाडं बहुधा जादा पाण्यानेच मरतात. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन-तीन इंच जागा सोडा, नाहीतर श्रावणात मागे बुरशी.

आणि ओल्या छत्रीला, दप्तराला, आत्याच्या पिशवीला जागा ठेवा. आम्ही दाराजवळ एक जुनं लाकडी स्टूल ठेवलंय. डिझाइन काही नाही, पाय थोडा डुगडुगतो.

राहिलं कॅलेंडर. आमच्या इंटिरियरवाल्याने बजावलं होतं, "सर, भिंतीला कॅलेंडर नको, लुक जातो." पाच-सहा महिने ते फ्रिजवर गुंडाळून पडलं होतं आणि दूधवाल्याशी दर महिन्याला वाद. आता ‘कालनिर्णय’ स्वयंपाकघराच्या दारामागे लटकतंय, सुतळीला बांधलेल्या पेनासकट. या महिन्यात दुधाचे चार खाडे आहेत, आणि सतरा तारखेच्या चौकोनात मुलीने काढलेली मांजर.