विक्रेता कोण आहे, हे आधी पाहावे
ऑनलाइन बाजारपेठेत दिसणारी प्रत्येक वस्तू ती बाजारपेठ चालवणारी कंपनी स्वतः विकत नसते. पुष्कळदा विक्रेता तिसराच कोणी असतो आणि त्याचे नाव पानावर बारीक अक्षरांत दिलेले असते. त्या नावावर जाऊन तो किती काळापासून विक्री करतो आणि परतीच्या अटी काय आहेत, हे वाचावे. सरासरी गुणांकनापेक्षा अलीकडचे नाराजीचे अभिप्राय अधिक बोलके असतात, कारण जुन्या वस्तूचे पान आणि त्यावरची स्तुती तशीच ठेवून दुसरीच वस्तू विकण्याचा प्रकार आढळतो. चार्जरच्या पानावर चादरीचे कौतुक दिसले, तर काय ते समजावे. विक्रेता सवलतीचे आमिष दाखवून बाजारपेठेबाहेर थेट पैसे मागू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण अशा पैशांना बाजारपेठेचे परताव्याचे संरक्षण सहसा मिळत नाही.